हवामान करार आणि खानदेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास, आपल्याकडे कापसाची वेचणी चालू असते त्याच दिवसांत, जगातल्या जवळपास सगळ्या सरकारांचे प्रतिनिधी कुठल्यातरी शहरात जमतात आणि पंधरवडाभर हवामानावर वाटाघाटी करतात. टीव्हीवर दोन मिनिटं बातमी येते आणि विषय मागे पडतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे शेतकरी, विद्यार्थी आणि ग्रामपंचायतीचे सदस्य या विषयावर पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या करारांमधून खानदेशाला सगळ्यात जास्त गरज आहे ती बदललेल्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठी लागणाऱ्या पैशाची. आणि नेमका तोच पैसा सगळ्यात कमी मिळतो. पुढची बरीचशी उत्तरं फिरून याच मुद्द्याशी येतात.

भुसावळचं ऊन आजोबांच्या काळापासून असंच आहे. त्यासाठी जगभरच्या सरकारांनी एकत्र यायची काय गरज?

ऊन जुनंच आहे, पण ज्या पायरीवरून ते चढायला सुरुवात करतं ती पायरी वर गेली आहे. औद्योगिक क्रांतीच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० होतं, आता ते ४२० च्या वर आहे. २०२४ हे असं पहिलं कॅलेंडर वर्ष ठरलं, ज्यात पृथ्वीचं सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाहून जास्त होतं.

दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो. रावेर-यावलच्या केळीवाल्याला तो किरकोळ वाटणार नाही. केळीला कडाक्याची थंडी सोसत नाही आणि चाळिशीपार गेलेलं ऊनही सोसत नाही. निसवणीच्या वेळी पारा खूप खाली गेला तर घड नीट बाहेर पडत नाही, आणि मे महिन्यात गरम वारा सुटला की पानं करपतात, झाडं मोडून पडतात. हे पीक आधीच दोन्ही कडांच्या मधोमध उभं आहे. सरासरी थोडी सरकली की एका कडेला धक्का बसतो.

एकत्र यायची गरज अशासाठी की हवेला शिवार नसतं. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राच्या चिमणीतून निघालेला एक टन कार्बन डायऑक्साइड आणि अमेरिकेतल्या एखाद्या वीजकेंद्रातून निघालेला एक टन यांचा परिणाम सारखाच असतो. हा वायू शेकडो वर्षं वातावरणात राहतो आणि जगभर मिसळतो. एका देशाने कितीही केलं आणि बाकीच्यांनी काहीच केलं नाही, तर त्या देशाच्या वाट्याचं ऊन कमी होत नाही.

करार नेमके किती आणि कोणते? नावं ऐकून गोंधळ होतो.

मुख्य तीन लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिला १९९२ चा. ब्राझीलच्या रिओ दि जानेरो शहरात संयुक्त राष्ट्रांचा हवामानविषयक मूळ करार सह्यांसाठी खुला झाला आणि १९९४ मध्ये लागू झाला. दरवर्षी भरणारी परिषद, जिला बातम्यांत ‘कॉप’ म्हणतात, ती याच कराराची बैठक असते. पहिली १९९५ मध्ये बर्लिनला झाली, आठवी २००२ मध्ये नवी दिल्लीत.

दुसरा १९९७ चा क्योटो करार. त्यात फक्त श्रीमंत औद्योगिक देशांना उत्सर्जन कमी करण्याची सक्ती होती. अमेरिकेने सही केली, पण मंजुरी कधीच दिली नाही. कॅनडा नंतर बाहेर पडला.

तिसरा १२ डिसेंबर २०१५ चा पॅरिस करार. यात सगळेच देश आले, पण प्रत्येकाने आपलं उद्दिष्ट स्वतः ठरवायचं अशी रचना झाली. तापमानवाढ दोन अंशांच्या बरीच खाली ठेवायची आणि दीड अंशावर रोखण्याचा प्रयत्न करायचा, हे सामाईक ध्येय. भारताने २ ऑक्टोबर २०१६ ला, गांधीजयंतीच्या दिवशी, त्याला मंजुरी दिली.

याच्या जोडीला शास्त्रज्ञांची आंतरसरकारी समिती आहे, आयपीसीसी. ती १९८८ मध्ये स्थापन झाली. ती स्वतः करार करत नाही; जगभरच्या संशोधनाचा आढावा घेऊन सरकारांपुढे ठेवते.

पॅरिस करारात दिलेलं वचन एखाद्या देशाने मोडलं तर शिक्षा काय?

काहीच नाही. दंड नाही आणि पोलीसही नाहीत. म्हणून बरेच जण याला कागदी करार म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही, आणि त्याचं कारण पांझरेच्या काठी सापडतं.

धुळे जिल्ह्यात पांझरेवर शेकडो वर्षं फड पद्धत चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली, एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, आणि पाणी सोडायचं काम शेतकऱ्यांनीच नेमलेल्या पाटकऱ्याचं. पाट साफ करायला सगळे जात. पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे ते सगळे मिळून ठरवत. सरकारी हुकूम नसताना हे टिकलं, कारण कोण किती पाणी घेतो ते सगळ्यांना दिसायचं, आणि पुढच्या वर्षी त्याच लोकांबरोबर त्याच पाटावर राहायचं होतं.

पॅरिस कराराचा आधार असाच दिसण्यावर आहे. प्रत्येक देशाने दर दोन वर्षांनी आपल्या उत्सर्जनाचा आणि कामाचा अहवाल द्यायचा. दर पाच वर्षांनी सगळ्यांचा एकत्र हिशोब मांडायचा; पहिला हिशोब २०२३ मध्ये दुबईत झाला. त्यानंतर प्रत्येकाने नवं उद्दिष्ट द्यायचं, आणि ते आधीच्यापेक्षा कमी असू नये.

फरक आहे तोही मोठा आहे. फडात पाट फुटला तर बंधाऱ्याजवळच्यालाही झळ बसायची. हवामानात ज्यांनी सगळ्यात जास्त धूर सोडला त्यांना झळ उशिरा आणि कमी बसते, आणि टेलवरच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, लोकांना आधी बसते. त्यामुळे नुसतं एकमेकांना दिसणं पुरत नाही, पैशाची देवाणघेवाणही करारात असावी लागते. खरी भांडणं तिथेच होतात.

असा एखादा आंतरराष्ट्रीय करार खरोखर यशस्वी झाला आहे का?

हो, आणि त्याची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे.

१९८० च्या दशकात शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की फ्रिज, एसी आणि स्प्रेमध्ये वापरल्या जाणाऱ्या सीएफसी वायूंमुळे ओझोनचा थर विरळ होतोय. १९८७ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल शहरात करार झाला. पुढे जगातला प्रत्येक देश त्यात आला. भारत १९९२ मध्ये सामील झाला. त्याआधी विकसनशील देशांनी, त्यात भारत पुढे होता, एक अट लावून धरली होती: जुनं तंत्रज्ञान सोडून नवं घ्यायचा जादा खर्च श्रीमंत देशांनी उचलावा. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत ती मान्य झाली आणि त्यासाठी वेगळा निधी उभा राहिला. आज ओझोनचा थर भरून निघतो आहे. अंटार्क्टिकावरचं छिद्र २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचा अंदाज आहे.

या कराराचा दुसरा अंक खानदेशाच्या थेट कामाचा आहे. सीएफसीच्या जागी जे एचएफसी वायू आले ते ओझोनला धक्का लावत नाहीत, पण उष्णता कार्बन डायऑक्साइडपेक्षा शेकडो ते हजारो पटींनी जास्त अडवतात. म्हणून २०१६ मध्ये रवांडाची राजधानी किगाली इथे दुरुस्ती झाली आणि हे वायूही टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. भारताने ती २०२१ मध्ये मंजूर केली. आपल्याकडे कपात २०३२ पासून सुरू होईल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जाईल.

आता विचार करा, केळी आखाती देशांत जाते ती कशातून? आधी प्री-कूलिंग, मग कोल्ड स्टोरेज, मग रीफर कंटेनर. पिकवायला रायपनिंग चेंबर. या सगळ्या यंत्रांत हेच वायू खेळतात. आज कोणी नवं कोल्ड स्टोरेज बांधत असेल, तर त्याने पुरवठादाराला गॅस कोणता आहे आणि पंधरा वर्षांनी तो मिळेल का, हे जरूर विचारावं. आंतरराष्ट्रीय करार पॅकहाउसच्या दारापर्यंत येतो तो असा.

श्रीमंत देशांनी शंभर-दीडशे वर्षं धूर सोडला. मग भारताने का थांबायचं?

भारताची वाटाघाटीतली भूमिका हीच आहे आणि १९९२ च्या मूळ करारात ती मान्य झालेली आहे: जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. १८५० पासून आजवर कोळसा-तेलातून सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे पाव आहे. आजही माणशी हिशोब केला तर अमेरिकेत वर्षाला साधारण १४ टन, चीनमध्ये ८ च्या आसपास आणि भारतात सुमारे २ टन. धडगावच्या डोंगरातल्या एखाद्या पाड्यावर तर त्याहून कितीतरी कमी.

तरीही भारताने वचनं दिली आहेत. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाची, म्हणजे जेवढं सोडू तेवढंच शोषून घेण्याची, घोषणा झाली. २०२२ मध्ये अधिकृतपणे कळवलेली उद्दिष्टं अशी: २०३० पर्यंत जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करायचं, वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी कोळसा-तेल-गॅस सोडून इतर स्रोतांची करायची, आणि झाडं-जंगलं वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड जादा शोषून घ्यायचा. यातलं निम्म्या क्षमतेचं उद्दिष्ट २०२५ च्या मध्यातच गाठलं गेलं. मात्र क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत अंतर आहे. रात्री सूर्य नसतो, आणि देशातली दोन तृतीयांशांहून जास्त वीज आजही कोळशातूनच येते.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत: अन्याय आपल्यावर झाला आहे, आणि ऊनही आपल्यालाच लागणार आहे. म्हणून पहिली गोष्ट सांगून दुसरीकडे दुर्लक्ष करणं मला मान्य नाही.

दीपनगरचं औष्णिक केंद्र या करारांमुळे बंद होणार का?

नाही. कोणताही करार कुठल्याही देशातलं ठरावीक केंद्र बंद करायला सांगत नाही. ग्लासगोला कोळशाचा वापर हळूहळू ‘कमी’ करायचं ठरलं. मसुद्यात ‘बंद’ असं होतं, ते भारताच्या आग्रहामुळे शेवटच्या क्षणी बदललं गेलं. २०२३ मध्ये दुबईला पहिल्यांदाच सगळ्या जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याची भाषा आली. दीपनगरला तर ६६० मेगावॅटचा नवा संच उभा राहिला आहे.

पण पंचवीस-तीस वर्षांच्या हिशोबात प्रश्न खरा आहे. ज्या घरांची चूल या केंद्रावर चालते, कायम कामगार, कंत्राटी मजूर, राख वाहणारे ट्रकवाले, त्यांचं पुढे काय? दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया आणि व्हिएतनाम या देशांनी कोळशातून बाहेर पडण्यासाठी श्रीमंत देशांशी वेगळे आर्थिक करार केले. भारत त्यात गेला नाही. त्या देशांना मिळालेल्या पैशातला मोठा भाग कर्जाचाच आहे, हे पाहता भारताची सावधगिरी समजण्यासारखी आहे. तरी कामगारांचा प्रश्न आत्ताच मांडायला हवा. संच बंद व्हायची नोटीस लागल्यावर बोलून उपयोग नसतो.

करारांमधला पैसा इथे कधी आला आहे का? की नुसतीच भाषणं?

‘आमले काय भेटी?’ हा धुळ्याकडचा सरळ प्रश्न आहे आणि तो विचारायलाच हवा.

आधी जगाचा हिशोब. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी सांगितलं की २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. तो आकडा दोन वर्षं उशिरा, २०२२ मध्ये गाठल्याचं त्यांनी जाहीर केलं. २०२४ मध्ये बाकूला नवा आकडा ठरला: २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. विकसनशील देशांची मागणी याच्या कितीतरी पट होती. निर्णयावर हातोडा पडल्यानंतर भारताच्या प्रतिनिधीने उभं राहून तो भर सभेत नाकारला.

या पैशाचे दोन भाग पडतात. एक उत्सर्जन कमी करण्यासाठी: सौर, पवन, मेट्रो वगैरे. दुसरा जुळवून घेण्यासाठी: पाणी, बियाणं, उष्णतेपासून बचाव, पुराचा इशारा. पहिल्यात परतावा मिळतो म्हणून बँका येतात. शेततळ्याला परतावा कुठून येणार? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार २०२३ मध्ये विकसनशील देशांना जुळवून घेण्यासाठी मिळालेला आंतरराष्ट्रीय सरकारी पैसा सुमारे २६ अब्ज डॉलर होता, आणि तो आदल्या वर्षीपेक्षा कमी झाला होता. गरज तीनशे अब्जांच्या वर सांगितली जाते.

आता खानदेश. साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. त्याला जर्मनीच्या सरकारी विकास बँकेचं, केएफडब्ल्यूचं कर्ज मिळालं. हा पहिल्या प्रकारचा पैसा. दुसऱ्या प्रकारचं उदाहरण म्हणजे पोकरा, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. ठिबक, शेततळं, शेडनेट, फळबागा यांसाठी ज्यांनी अर्ज केले त्यांना हे नाव पाठ आहे. त्यासाठी जागतिक बँकेने २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. पहिल्या टप्प्यातल्या १५ जिल्ह्यांमध्ये खानदेशातून फक्त जळगाव होतं. धुळे आणि नंदुरबार त्यात नव्हते.

दोन्ही ठिकाणी एक शब्द सारखा आहे: कर्ज. ते आपल्याच करातून फेडलं जातं. ज्यांनी धूर सोडला त्यांनी भरपाई द्यायची असं तत्त्व मान्य असताना, नुकसान सोसणाऱ्याने कर्ज काढून बचाव करायचा, हे मला उघड अन्यायाचं वाटतं. २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेम शहरात जुळवून घेण्याचा निधी २०३५ पर्यंत तिप्पट करण्याचं आवाहन झालं. त्यातला किती हिस्सा अनुदान असेल, यावर नजर ठेवायला हवी.

अवकाळीत मिरचीची पथारी भिजली. ‘नुकसानभरपाई निधी’तून काही मिळेल का?

थेट मिळणार नाही. हा निधी २०२२ मध्ये इजिप्तच्या शर्म अल शेखला ठरला आणि २०२३ मध्ये दुबईला सुरू झाला. त्यासाठी तिथे जाहीर झालेली रक्कम ७० कोटी डॉलरांच्या आसपास होती. एवढी रक्कम एका मोठ्या चक्रीवादळाच्या नुकसानीलाही पुरत नाही. शिवाय हा पैसा देशांना प्रकल्पांसाठी मिळणार. एकेका शेतकऱ्याला तिथे अर्ज करता येत नाही. बुडायला लागलेल्या छोट्या बेटांचा त्यावर पहिला दावा आहे, आणि तो रास्त आहे.

आज तरी आपला आधार देशातलाच: राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, पीक विमा, आणि केळीसाठी हवामानावर आधारित फळपीक विमा, ज्यात कमी तापमान, जास्त तापमान आणि वादळी वारा यांचे निकष असतात. नंदुरबारच्या पथारीवरची मिरची मात्र बहुतेकदा विकली गेलेली असते, ती शेतातलं पीक राहिलेली नसते. त्यामुळे ती या चौकटीत सहज बसत नाही. तिथे झाकलेली वाळवण आणि सौर ड्रायर यांना मदत मिळावी, ही मागणी जुळवून घेण्याच्या निधीत नेमकी बसते.

गावात कार्बन क्रेडिटवाले येत आहेत. सही करावी का?

घाईत करू नये. आधी हे प्रकरण समजून घ्या.

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्यापासून रोखल्याचा किंवा हवेतून काढून घेतल्याचा दाखला. तो विकत घेणारी कंपनी किंवा देश तेवढा टन आपल्या खात्यात दाखवतो. क्योटो करारात हा व्यवहार मोठ्या प्रमाणावर चालला. धुळे जिल्ह्यातल्या पवनचक्क्यांचे काही प्रकल्पही त्यात नोंदले गेले. पण २०१२ नंतर युरोपातली मागणी आटली आणि एका क्रेडिटचा भाव एका युरोच्याही खाली गेला. हे आठवणीत असू द्या, कारण आज जो भाव सांगितला जातो त्याचीही हमी कोणी देत नाही.

पॅरिस कराराच्या सहाव्या कलमात नवा बाजार ठरला आहे, आणि भारत सरकारनेही २०२३ मध्ये स्वतःची कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. याशिवाय खासगी कंपन्यांचा ऐच्छिक बाजार आहे. गावात येणारे बहुतेक या तिसऱ्या प्रकारचे असतात. बांधावर झाडं, बांबू, शेणखत, कमी नांगरट, अशा कामांवर ते पैसे देऊ करतात.

सही करण्याआधी करारनामा मराठीत मागा आणि हे बघा: क्रेडिटची मालकी कोणाची? विक्रीच्या रकमेतला किती टक्के हिस्सा शेतकऱ्याचा, आणि तो खर्च वजा करून की आधी? मुदत किती वर्षं? मध्येच झाड तोडलं, जमीन विकली, किंवा वादळात झाडं पडली तर दंड कोणावर? प्रकल्प कोणत्या नोंदणी संस्थेकडे नोंदला आहे आणि तिथे तुमच्या गावाचं नाव दिसतं का? मोजमाप कोण करणार? सामूहिक वनहक्काची जमीन असेल तर एकट्या सरपंचाच्या सहीने काहीही होता कामा नये. ग्रामसभेचा ठराव हवा. सातपुड्यातल्या गावांनी हे हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर फार झगडून मिळवले आहेत. वीस-तीस वर्षांच्या कागदावर ते अडकवण्याआधी दहा वेळा विचार करावा.

मिथेनच्या करारामुळे गाई-म्हशींवर बंधनं येतील का?

नाही. मिथेन हाही हवा तापवणारा वायू आहे, पण तो कमी करण्यासाठी २०२१ ला जाहीर झालेल्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेत भारत सामील नाही. भारताचं म्हणणं असं की आपल्याकडचा मिथेन मुख्यतः भातशेती आणि गुरांमधून येतो आणि तो लहान शेतकऱ्यांच्या पोटाशी जोडलेला आहे.

युरोप कार्बन कर लावतोय म्हणे. कापूस, केळीला तो लागेल?

सध्या नाही. युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे लागू झाला. तो लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज यांच्यावर आहे. भारताचा त्याला विरोध आहे, कारण श्रीमंत देश आपला खर्च गरीब देशांच्या निर्यातदारांकडून वसूल करतात असा त्याचा अर्थ होतो. यादी पुढे वाढू शकते, म्हणून सूतगिरण्या आणि निर्यातदारांनी विजेचा, इंधनाचा हिशोब आत्तापासून ठेवलेला बरा.

अमेरिका बाहेर पडली. आता या सगळ्याला अर्थ उरला का?

अमेरिका पॅरिस करारातून २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली, आणि जानेवारी २०२५ च्या आदेशानुसार २७ जानेवारी २०२६ ला पुन्हा बाहेर गेली. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमधला साधारण आठवा हिस्सा तिचा आहे, त्यामुळे धक्का मोठा आहे, विशेषतः पैशाच्या बाबतीत. पण दुसरा कोणताही देश तिच्यामागून करार सोडून गेला नाही.

मधल्या काळात न्यायालयाचा रस्ताही उघडला. २३ जुलै २०२५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने मत दिलं की हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते न पाळल्यास भरपाईची जबाबदारी येऊ शकते. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, पण त्यामागची कथा आपल्या कॉलेजच्या मुलामुलींनी वाचावी अशी आहे. पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये ही मोहीम सुरू केली, वानुआतू या छोट्याशा देशाने ती उचलली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ती न्यायालयापुढे नेली.

स्वच्छ विजेसाठी ज्यांची जमीन गेली, त्यांचं काय? करारात त्यांना जागा आहे का?

पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत आदिवासी समाज, स्थानिक समुदाय आणि मानवी हक्क यांचा उल्लेख आहे. उल्लेखाच्या पुढे फारसं काही बंधनकारक नाही.

या प्रश्नाचा जितका अनुभव नंदुरबार जिल्ह्याला आहे, तितका जगातल्या फार थोड्या भागांना असेल. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. त्या धरणाची वीज देशाच्या हिशोबात कोळशाविना तयार झालेली म्हणून मोजली जाते. मोजणी चुकीची नाही, अपुरी आहे. उद्या साक्री, शिंदखेड्याकडे सौर प्रकल्पांसाठी आणखी जमीन लागेल. भाडेपट्टा असो वा खरेदी, चराईची जागा असो वा गायरान, गावाची संमती आणि मोबदला यांची नोंद प्रकल्पाच्या कागदात असलीच पाहिजे. परदेशी विकास बँकांच्या कर्जात सामाजिक निकषांची अट असते आणि तक्रारीची यंत्रणाही असते. ती वापरायचा हक्क गावकऱ्यांना आहे, हे गावांना कोणी सांगत नाही.

एका गावाने केलेलं काम देशाच्या वचनात मोजलं जातं का?

जातं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने ४०० हेक्टरांहून जास्त जंगल राखलं. चैत्राम पवार यांना २०२५ ची पद्मश्री जाहीर झाली ती याच कामासाठी. भारताने जंगलातून अडीच-तीन अब्ज टन शोषण्याचं जे वचन दिलं आहे, ते अशाच हजारो जंगलांच्या बेरजेतून पूर्ण होणार. बेरीज दिल्लीत होते, झाडं गावात असतात. म्हणून असं जंगल राखणाऱ्या गावांना देशाच्या हवामान निधीतून काय मिळतं, हा प्रश्न ग्रामसभेने लेखी विचारावा.

आम्ही सुरुवात कुठून करावी?

तीन कागदांपासून. जिल्ह्याचा उष्णता कृती आराखडा आहे का आणि त्यात शेतमजुरांच्या कामाच्या वेळेचा विचार आहे का, हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडे विचारा. ग्रामपंचायत विकास आराखड्यात पाणी आणि उष्णता यांच्यावर किती रक्कम ठेवली आहे ते ग्रामसभेत वाचून घ्या. आणि ‘माझी वसुंधरा’ अभियानात गावाने जी माहिती भरली आहे ती खरी आहे का ते तपासा. खोट्या आकड्यांवर मिळालेलं बक्षीस गावाच्या टँकरची गरज भागवत नाही.

पुढची परिषद कुठे आहे आणि तिथे काय बघायचं?

कॉप-३१ नोव्हेंबर २०२६ मध्ये तुर्कीतल्या अंताल्या शहरात ठरली आहे, वाटाघाटींची सूत्रं ऑस्ट्रेलियाकडे आहेत. जुळवून घेण्याच्या निधीच्या तिप्पट वाढीची मोजणी कोणत्या वर्षापासून धरायची, आणि त्यात कर्ज किती नि अनुदान किती, या दोन मुद्द्यांवरचे निर्णय आधी बघावेत. पोकरासारख्या पुढच्या योजनेत धुळे-नंदुरबारच्या वाट्याला काय येईल आणि ते कोण फेडेल, हे त्यावर अवलंबून आहे.